जुन्या विलायती घड्याळाची पारख

मोबाइलवर एक जाहिरात येते. तळहातावर मावेल असं सोनेरी घड्याळ, झाकणावर निळ्या मिन्यात रंगवलेली मेंढपाळीण, कडेनं बारीक मोत्यांची ओळ, आत रोमन आकडे. खाली मजकूर: ‘युरोपियन अँटिक, दोनशे वर्षं जुनं, संग्राहकांसाठी दुर्मिळ संधी.’ केजच्या चौकात चहा पिताना ती पाहणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न येतात. हे खरं असेल का? आणि आपल्या घरच्या लोखंडी पेटीत पणजोबांचं साखळीचं घड्याळ पडलंय, त्यालाही असा भाव येईल का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. जुन्या घड्याळाची किंमत त्याच्या वयावर किंवा चकाकीवर ठरत नाही. वरची डबी, तबकडी आणि आतलं यंत्र ही तिन्ही एकमेकांशी किती इमानदार आहेत, यावर ती ठरते. तिन्ही एकाच काळातली, एकाच घरची आणि फारसा हात न लागलेली असतील, तर घड्याळ साधं असूनही मोलाचं ठरतं. त्यांतलं एक जरी उपरं निघालं, तर मोत्यांची ओळ असूनही ते शोभेची वस्तू उरतं. हे समजण्यासाठी ही घड्याळं कुणी, का आणि कशी घडवली, ते आधी पाहावं लागतं.

निजामाच्या मुलखातलं विलायती घड्याळ

केज, धारूर, अंबाजोगाई हा सगळा टापू सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या माणसाला युरोपीय सजावटी घड्याळांचा नामांकित संग्रह पाहायचा असेल, तर तो पूर्वीच्या राजधानीतच आहे. हैदराबादला मुसी नदीच्या काठावर सालारजंग संग्रहालय आहे. संस्थानचे काही काळ दिवाण असलेले मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग (१८८९-१९४९), यांनी आणि त्यांच्या घराण्यानं जमवलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी खुलं झालं. त्यात फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि हॉलंडची घड्याळं आहेत. भिंग लावून पाहावी लागतील अशी चिमुकली आहेत आणि पुरुषभर उंचीची लंबकाचीही आहेत.

त्यांतलं सर्वांत गाजलेलं म्हणजे संगीत घड्याळ. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचं नाव त्यावर आहे. ताशी ठोके पडायच्या वेळी आतून दाढीवाली एक छोटी आकृती बाहेर येते, घंटेवर ठोके देते आणि परत आत जाते. शेजारी एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. दुपारी बारा वाजता सर्वांत जास्त ठोके पडतात, म्हणून त्या वेळी बाकांवर बसायला जागा मिळत नाही. जमलेल्यांपैकी प्रत्येकाच्या खिशात सेकंदापर्यंत अचूक वेळ दाखवणारा मोबाइल असतो. तरीही ती आकृती पाहायला माणसं थांबतात, कारण तिथं ती वेळ पाहायला आलेली नसतात.

सजावटी घड्याळाचं मर्म हेच आहे. ज्या काळात ही घड्याळं अमीर-उमरावांच्या हवेल्यांत आली, त्या काळात गावाचा दिवस त्यांच्यावर चालत नव्हता. कासराभर दिवस वर आला की औत जुंपायचं, गुरं परतली की दिवेलागण. लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र असायचं. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं, झाली. अशा साठ घटिकांचा एक अहोरात्र. सरकारी कचेरीत आणि ठाण्यावर पितळेच्या तासावर ठोके पडत. खिशात घड्याळ असणं ही गरज नव्हती, तो दर्जा होता. झाकण उघडून वेळ सांगणारा माणूस ‘मी कोण आहे’ हेही सांगत असे.

आधी दागिना, मग घड्याळ

युरोपातही गोष्ट वेगळी नव्हती. खिशात किंवा गळ्यात वागवता येईल असं घड्याळ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत दिसू लागलं. न्यूरेंबर्गचा कुलूपकार पेटर हेनलाइन याचं नाव त्यासंदर्भात घेतलं जातं. वजनाऐवजी गुंडाळलेल्या पोलादी पट्टीच्या, म्हणजे मेनस्प्रिंगच्या, जोरावर ते चाले. पण दिवसाकाठी पंधरा मिनिटं, अर्धा तास चुकणं ही साधी बाब होती. म्हणून त्या घड्याळांना बहुधा एकच काटा असे. जिथं तासाचा भरवसा नाही, तिथं मिनिटाचा काटा लावून काय साधणार?

वेळ नीट दाखवता येत नाही, मग एवढं महागडं यंत्र विकायचं कशावर? सौंदर्यावर. सतराव्या शतकातली घड्याळं फुलाच्या कळीसारखी, क्रुसाच्या आकाराची, कवटीच्या आकाराचीही बनत. कवटीचा जबडा उघडला की तबकडी दिसे, मरणाची आठवण देणारी.

त्याआधीच जिनिव्हा शहरात एक वेगळीच घडामोड झाली होती. सोळाव्या शतकाच्या मध्याला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनच्या प्रभावाखाली तिथं दागदागिने मिरवण्यावर कडक निर्बंध आले. सोनारांच्या हातातलं काम गेलं. त्याच सुमारास फ्रान्समधून धार्मिक छळाला कंटाळून आलेले प्रॉटेस्टंट कारागीर घड्याळांची विद्या घेऊन शहरात आले. दागिना वर्ज्य असला, तरी घड्याळ ही उपयोगाची वस्तू होती. सोनारकाम आणि घड्याळकाम यांचा तिथं जो संगम झाला, त्यातून १६०१ साली जिनिव्हाच्या घड्याळकारांचा संघ उभा राहिला. पुढची तीनशे वर्षं जगभरच्या श्रीमंतांच्या खिशात जी सजावटी घड्याळं गेली, त्यांतली पुष्कळ या शहरातली आणि त्याच्या आसपासच्या डोंगराळ भागातली होती.

१६७५ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यानं घड्याळाच्या झुलत्या चक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग जोडली. लंबकाला गुरुत्वाकर्षण जसं परत मध्यावर आणतं, तसं हे चक्र त्या स्प्रिंगमुळे ठरावीक लयीत मागेपुढे होऊ लागलं. दिवसाची चूक काही मिनिटांवर आली आणि लवकरच मिनिटकाटा रूढ झाला. १७०४ साली लंडनमध्ये माणकाला छिद्र पाडून त्यात चाकांचे आस बसवण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं गेलं. जुन्या घड्याळावर ‘१५ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ते हेच. दगड कठीण असल्यानं आस झिजत नाही. ही रत्नं दागिन्यातल्यासारखी विकून पैसे येतील असा समज अजूनही ऐकू येतो. तो सोडून द्यावा. ती आकारानं कणाएवढी असतात आणि विसाव्या शतकातली तर बहुतेक कृत्रिम असतात.

मिना, ठोककाम आणि नक्षी

जाहिरातीतल्या घड्याळावर निळं चित्र दिसतं, ते मिनाकाम. आपल्याकडच्या मीनाकारीशी त्याचं थेट नातं आहे. काच बारीक कुटायची, तिच्यात धातूंची संयुगं मिसळून रंग आणायचा, कोबाल्टनं निळा, तांब्यानं हिरवा. ती पूड सोन्यावर किंवा तांब्यावर पसरून सुमारे आठशे अंश सेल्सियसच्या भट्टीत घालायची. काच वितळते आणि धातूला कायमची चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळी आंच लागते, म्हणून एक झाकण अनेकदा भट्टीत जातं. शेवटच्या खेपेला तडा गेला, तर आधीचं सगळं काम वाया.

सुमारे १६३० मध्ये फ्रान्समधल्या जाँ तुतँ या सोनारानं पांढऱ्या मिन्याच्या पृष्ठभागावर कुंचल्यानं चित्र रंगवायची रीत रूढ केली. त्यानंतर घड्याळाच्या झाकणावर पुराणकथा, निसर्गचित्रं, राजांच्या छब्या उतरू लागल्या. जिनिव्हाच्या चित्रकारांनी वरून पारदर्शक काचेचा एक थर द्यायला सुरुवात केली. त्यानं रंग झिजत नाहीत आणि चित्राला खोली येते. दोनशे वर्षांनंतरही ही चित्रं काल रंगवल्यासारखी ताजी दिसतात, कारण तो रंग म्हणजे काच असते. ऊन, घाम, दमट हवा तिचं काही बिघडवत नाही. शत्रू एकच, आपटणं. एकदा मिना उडाला, की तो मूळच्यासारखा भरता येत नाही.

दुसरी तऱ्हा ठोककामाची. पत्रा मागून ठोकून पुढं उठाव आणायचा. अठराव्या शतकातल्या इंग्लिश घड्याळांना अशा दोन डब्या असत, आतली साधी आणि बाहेरची उठावाच्या नक्षीची. या दोन डब्यांच्या मध्ये दुरुस्ती करणारे कारागीर आपल्या दुकानाचा छापील गोल कागद ठेवत. कधी त्यावर दुरुस्तीची तारीख हातानं लिहीत. असा कागद जागेवर सापडला, तर तो घड्याळाचा जन्मदाखलाच नव्हे, आजारपणाची नोंदवहीसुद्धा असतो. साफसफाई करताना तो फेकून देणं ही मोठी चूक.

तिसरी तऱ्हा यंत्रानं कोरलेल्या लाटांची. फिरत्या लेथवर एकसारख्या बारीक रेघा ओढून सूर्यकिरणांसारखी किंवा लाटांसारखी नक्षी काढायची आणि वरून पारदर्शक निळा किंवा लाल मिना ओतायचा. घड्याळ हलवलं की खालची नक्षी पाण्यासारखी चमकते. छापील नक्कल अशी कधीच चमकत नाही, म्हणून पारखायला ही खूण उपयोगी पडते.

झाकण उघडल्यावर

सजावट बाहेर दिसते, पण जाणकार आधी मागचं झाकण उघडायला सांगतो. अठराव्या शतकाच्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या घड्याळात बहुधा एक शंकू दिसतो. त्यावर सर्पिलाकार खाच आणि तिच्यात गुंडाळलेली, सायकलच्या साखळीची सूक्ष्म आवृत्ती वाटावी अशी पोलादी साखळी. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असताना जोरानं ओढते, सैल पडत जाते तशी कमी ओढते. शंकूच्या निमुळत्या टोकाकडून रुंद बुडाकडे साखळी सरकत गेली की हा फरक भरून निघतो. साखळीची एकेक कडी डोळ्याला जेमतेम दिसते. इंग्लंडच्या क्राइस्टचर्च या गावात १७९० च्या दशकापासून बाया आणि मुलं घरोघरी आणि कारखान्यात या साखळ्या बनवत. हा धंदा डोळे खाणारा होता. राजेरजवाड्यांच्या खिशातल्या त्या नजाकतीमागे ही गरीब माणसांची नजर खर्ची पडलेली आहे.

झुलत्या चक्रावर जाळीदार नक्षीचं एक पितळी आच्छादन असतं. ते करवतीनं आणि कानशीनं हातानं कापलेलं असल्यानं त्याची नक्षी घड्याळागणिक बदलते. काही घड्याळांत कडेला एक खटका असतो. तो दाबला, की बारीक हातोड्या तास आणि पाव तासांचे ठोके देतात. काडेपेटी आणि विजेच्या दिव्याआधीच्या काळात अंधारात वेळ कळावी म्हणून ही सोय. १६८७ साली लंडनमध्ये या कल्पनेच्या हक्कावरून एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर यांच्यात वाद झाला. खुद्द राजा दुसरा जेम्स यानं दोन्ही घड्याळं तपासून क्वेअरच्या बाजूनं कौल दिला.

चावीची गोष्टही काळ सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खिशातल्या घड्याळाला चावी देण्यासाठी वेगळी किल्ली लागे. तबकडीवर किंवा मागच्या बाजूला चौकोनी दांडा असलेलं छोटं भोक दिसलं, तर ते त्या जातीचं. वरच्या बोंडानं चावी देण्याची सुटसुटीत पद्धत १८४० च्या दशकात फ्रेंच कारागीर आद्रियाँ फिलिप यानं आणली. पुढे पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या पेढीच्या नावात त्याचं नाव आलं. बोंड असलेलं घड्याळ ‘सतराशे सालचं’ म्हणून कुणी विकत असेल, तर तिथंच हात जोडावेत.

पूर्वेच्या गिऱ्हाइकासाठी

युरोपीय घड्याळकारांनी पूर्वेकडची बाजारपेठ फार लवकर ओळखली. लंडनच्या जॉर्ज प्रायरनं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उस्मानी तुर्कस्तानसाठी तीन-तीन डब्यांची घड्याळं पाठवली. त्यांच्या तबकडीवर अरबी लिपीतले आकडे असत, उर्दू शिकलेल्या मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला ते सहज वाचता आले असते. स्वित्झर्लंडच्या फ्लरिए गावच्या बोव्हे बंधूंनी १८२२ पासून चीनसाठी मिन्याची, मोती जडवलेली घड्याळं बनवली. चिनी गिऱ्हाईक ती जोडीनं घेत असे, म्हणून आजही अखंड जोडी मिळाली की किंमत दुपटीहून जास्त चढते.

भारतात हा व्यापार मुख्यतः मुंबई आणि कलकत्त्याच्या पेढ्यांतून चालला. १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरचं मोठं घड्याळ ज्यांनी दिलं, त्या लंडनच्या लंड अँड ब्लॉक्ली कंपनीची मुंबईत शाखा होती. संस्थानिक तिच्याकडून खास घड्याळं बनवून घेत. स्वित्झर्लंडची फाव्र-ल्युबा १८६० च्या दशकात मुंबईत आली. पुढे वेस्ट एंड वॉच कंपनीनं मुंबई-कलकत्ता हे नाव तबकडीवर छापून ‘क्वीन ॲन’, ‘सेकंडस’, ‘मॅचलेस’ अशी घड्याळं भारतभर पोहोचवली. त्यांच्या कित्येक घड्याळांची यंत्रं लाँजीनसारख्या नामांकित कारखान्यांची होती. त्यांच्या एका प्रसिद्ध घड्याळाचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. स्वार आणि सैनिक हे या घड्याळांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक होते.

म्हणून मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात साखळीचं घड्याळ निघालं, तर ते मोत्यांचं बोव्हे असण्यापेक्षा चांदीच्या किंवा निकेलच्या डबीतलं स्विस घड्याळ असण्याचा संभव कितीतरी जास्त. एखादा देशमुख, वतनदार, वकील, निजामी नोकरीतला अंमलदार, रेल्वेतला माणूस यांच्याकडे तीच असत. शिवाय १८६७ साली रॉस्कोफ नावाच्या स्विस घड्याळकारानं अवघ्या ५७ भागांचं, वीस फ्रँकांचं, कामगाराला परवडणारं घड्याळ काढलं. त्याच्या नकलांनी पुढच्या पन्नास वर्षांत जगाचे बाजार भरून गेले. भपकेबाज कोरीव डबीत हे स्वस्त यंत्र बसवून विकायची पद्धत तेव्हापासूनचीच आहे.

खरं-खोटं कसं पाहावं

फसवणूक हा या धंद्याचा नवा रोग नाही. लंडनच्या घड्याळांना मान आहे म्हटल्यावर अठराव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवर ‘टार्ट्स, लंडन’, ‘सॅमसन, लंडन’ अशा नावांची घड्याळं ढिगानं बनली. त्यांवर लंडन असलं, तरी ती लंडनची नव्हती. आज तर पितळेच्या नव्या डब्यांवर चित्राची चिकटपट्टी लावून कारखान्यातून ‘अँटिक’ घड्याळं निघतात. विकत घेणाऱ्यानं काही गोष्टी तरी तपासाव्यात.

पहिली, भिंग. खरं मिनाचित्र भिंगाखाली पाहिलं, की कुंचल्याचे बारीक फटकारे दिसतात. छापील चित्राचे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की विषय संपला.

दुसरी, शिक्के. इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह, शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर असतं. ते अक्षर तक्त्यात शोधलं, की डबीचं नेमकं वर्ष कळतं. स्वित्झर्लंडनं १८८० च्या कायद्यानं शिक्के ठरवले. १८ कॅरेट सोन्यावर स्त्रीचं मस्तक, १४ कॅरेटवर खार, ०.८७५ शुद्धतेच्या चांदीवर अस्वल, ०.८०० वर रानकोंबडा. एवढ्या चार प्राण्या-माणसांची ओळख असली, तरी ‘शुद्ध सोनं’ म्हणून मुलामा विकत घ्यायची वेळ येत नाही.

तिसरी, आकडे. चांगल्या घड्याळात यंत्रावरचा आणि डबीवरचा अनुक्रमांक जुळतो किंवा कारखान्याच्या वहीत दोन्हींची नोंद असते. लाँजीन आणि पाटेक फिलिप यांच्याकडे जुन्या नोंदी आहेत. अनुक्रमांक पाठवला, तर घड्याळ कधी बनलं आणि कुठे पाठवलं हे सांगणारा उतारा मिळू शकतो. ‘मुंबईच्या अमुक पेढीला पाठवलं’ अशी ओळ त्यात निघाली, तर घरच्या घड्याळाला इतिहास मिळतो.

चौथी, तबकडी. जुन्या मिन्याच्या तबकडीवर केसासारखे तडे असणं स्वाभाविक आहे आणि ते क्षम्य आहे. पण शंभर वर्षांच्या घड्याळाची तबकडी नवीकोरी, आकडे जाडसर आणि किंचित वाकडे असतील, तर ती रंगवून घेतलेली आहे. भारतातल्या बाजारात अशी रंगवलेली तबकडी आणि तीन घड्याळांचे भाग जुळवून केलेलं चौथं घड्याळ इतकं सर्रास मिळतं, की परदेशी संग्राहक भारतातून आलेलं घड्याळ पाहताना प्रथम संशय घेतात. यात नुकसान खऱ्या घड्याळाच्या मालकाचंच होतं.

पाचवी, स्क्रू. खाचा ओरबाडलेल्या, एखादा स्क्रू वेगळ्याच रंगाचा, प्लेटवर कुणी खरवडून लिहिलेलं. यावरून आतल्या भागांत किती अदलाबदल झाली असेल, याचा अंदाज येतो.

किमतीचं गणित

लिलावांच्या बातम्यांनी लोकांची दिशाभूल होते. २०१४ साली जिनिव्हात सदबीजच्या लिलावात हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकी धनिकासाठी बनलेलं पाटेक फिलिपचं घड्याळ सुमारे २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकांना गेलं. पण त्याची डबी बऱ्यापैकी साधी आहे. पैसे सजावटीचे नव्हते. चोवीस वेगवेगळी कामं करणाऱ्या यंत्राचे, नावाचे आणि अखंड कागदपत्रांचे होते. ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळकाराकडे १७८३ साली राणी मेरी अँटोनेटसाठी मागवलेलं घड्याळ १८२७ मध्ये पुरं झालं. राणीला १७९३ मध्येच गिलोटिनखाली मारलं गेलं होतं आणि ब्रेगेही १८२३ मध्ये वारला होता. जेरुसलेमच्या संग्रहालयातून १९८३ साली ते चोरीला गेलं आणि दोन दशकांहून अधिक काळानं परत मिळालं. चोराला ते विकता आलं नाही, कारण ते कुणाचं हे सगळ्या जगाला माहीत होतं. ओळख हीच त्याची किंमत होती आणि तीच त्याचं संरक्षणही ठरली.

आपल्या पेटीतल्या घड्याळालाही हाच नियम लागू आहे, फक्त रकमा लहान. कुणाचं होतं, कधी घेतलं, कुठल्या दुकानाची पावती आहे, कुठल्या फोटोत ते अंगरख्यावर दिसतं, हे सगळं त्याच्या मूळ भावात भर घालतं. याउलट सराफानं कसोटीवर घासलेलं, ब्रासोनं चोळून शिक्के पुसलेलं, नवी तबकडी लावलेलं घड्याळ धातूच्या वजनाच्या भावापर्यंत खाली येतं. सोन्याचा भाव चढला, की डब्या वितळवल्या जातात आणि आतली यंत्रं भंगारात पडतात. जगभर हे झालं आहे आणि आपल्याकडेही होत असतं.

एक धोक्याची गोष्टही सांगायला हवी. साधारण १९१० पासून १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा लेप असे. आज तो चमकत नाही, कारण त्यातलं चमकणारं रसायन निकामी झालंय. रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १,६०० वर्षांचा आहे. काच काढून तो पिवळट लेप खरवडू नये, फुंकर मारू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

विकण्याआधी कायदा

१९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी आणि कला-कारागिरीची साक्ष देणारी वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकते. पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘दुबईचा पाहुणा विकत घेतोय, पार्सल करा’ असं कुणी म्हणालं, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तू दाखवून ती पुरावस्तू आहे की नाही हे लेखी घ्यावं. परदेशातून विकत घेणाऱ्यानं सीमाशुल्काची चौकशी आधीच करावी. पावती, विकणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता आणि अनुक्रमांक दिसणारे फोटो यांशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि घरात घड्याळ सापडलंच, तर घाई नको. चावी जोरानं फिरवू नका, सुकलेल्या तेलात चाकं रेटली की आस तुटतात. पॉलिश करू नका. मऊ कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आतल्या-बाहेरच्या प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा आणि घरातल्या थोरल्या माणसाला विचारून ते कुणी, कधी, कुठून आणलं हे एका कागदावर लिहून घड्याळासोबत ठेवा. घड्याळ तज्ज्ञाला दाखवायला नंतरही सवड मिळेल, पण ती माहिती सांगणारं माणूस कायम राहत नाही.